वाचक विचारतात : सेन्सर दुचाकी का गाळतो?

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या राज्य मार्गावर प्रत्येक लेनच्या मधोमध बिनतारी चुंबकीय सेन्सर पुरले आहेत. कार, ट्रक नीट मोजले जातात, दुचाकी मात्र निम्म्याच. संवेदनशीलता वाढवली की आकडा भलताच फुगतो. सेन्सर बिघडलेत का?

उत्तर : बहुधा नाही. या सेन्सरला वाहन दिसत नाही, लोखंड कळतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास. वरून लोखंड गेलं की ते क्षणभर बदलतं, तेवढंच तो टिपतो. हा परिणाम अंतराच्या घनाने उतरतो : अंतर दुप्पट, तर परिणाम आठवा हिस्सा. 3.5 मीटरच्या लेनमध्ये कारचं इंजिन जवळजवळ सेन्सरवरूनच जातं. दुचाकीत मुळात लोखंड कमी, त्यात ती कडेने निसटते. संवेदनशीलता वाढवलीत की शेजारच्या लेनमधला ट्रकही तुमच्या खात्यावर पडतो.

म्हणून दुचाकी जिथून खरोखर जातात त्या पट्ट्यात आणखी एक सेन्सर पुरा. दोन्हींवर एकदम नोंद आली तर एकच वाहन धरायचं, हे सॉफ्टवेअरमध्ये ठरवून द्या. जोडीने जाणाऱ्या दोन दुचाकी मग एकच मोजल्या जातील. ती चूक पत्करावी लागते.

पुरताना साधारण 10 सेंटिमीटर व्यासाचं भोक कोअर कटरने पाडा, धूळ हवेने उडवा, आणि ते पूर्ण कोरडं करा. ओल राहिली तर भोक बुजवणारं इपॉक्सी (घट्ट होणारा चिकट रस) धरत नाही आणि पावसाळ्यात सेन्सरसकट अख्खं बूच उखडतं. सेन्सरवरचा बाण वाहतुकीच्या दिशेला. सुरू करताना वर गाडी उभी नको. तीच ‘रिकामा रस्ता’ म्हणून नोंदली जाते. डांबरीकरणाआधी रस्ता खरवडणाऱ्या ठेकेदाराला जागा दाखवून ठेवा, नाहीतर सगळे सेन्सर मलब्यात जातात.

तपासणीसाठी 15 मिनिटांचा व्हिडिओ घेऊन हाताने मोजा, पण प्रकारवार. लांब ट्रेलरच्या मधल्या भागात लोखंड कमी पडलं की एकाचे दोन होतात, इकडे दुचाकी गळतात, आणि बेरीज छान जुळते!

प्रश्न : त्यावरून वेग कळेल का?

उत्तर : एका लेनमध्ये एकामागे एक दोन सेन्सर हवेत. अंतर 6 मीटर आणि वेळ 0.36 सेकंद, म्हणजे ताशी 60 किलोमीटर. अंतर 3 मीटरच ठेवलंत तर वेळेतली तेवढीच चूक वेगात दुप्पट दिसते.