दहाला दिवा बंद

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फाईल माझ्यापुढे सरकवलीस आणि बोलताना सारखी पेनची टोपी काढत-घालत होतीस. दोन महिने पाळी नाही. सोनोग्राफी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. ‘म्हणजे मला काहीच झालेलं नाही ना, मॅडम?’ झालंय की! डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेला बसणाऱ्या पोरीला हे मी सांगायचं?

मेंदूतलं हायपोथॅलॅमस, त्याखालची पिट्युटरी, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आणि ताण आला की त्यांतून स्रवणारा कॉर्टिसॉल ही साखळी तुला झोपेत विचारली तरी येईल. झोपलीस तर! पाळीची सूत्रंही त्याच हायपोथॅलॅमसकडे असतात. जिवावर बेतलंय अशी त्याची समजूत झाली, की बीजकोशाकडे जाणारा निरोप ते दाबून धरतं. परीक्षाच तर आहे, म्हणालीस. ताणाचा अभ्यास करणाऱ्या हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने 1936 साली उंदरांना थंडी, जखमा, अतिश्रम असे वेगवेगळे त्रास दिले. आतली पडझड एकच निघाली. अधिवृक्क ग्रंथी वाढलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आकसलेली, जठरात व्रण. त्रास कसला, हे शरीर विचारत बसत नाही.

कॉर्टिसॉल काही शत्रू नव्हे. पहाटे तो चढतो, मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातो. तेव्हाच तू चहा टाकून मॉक टेस्ट उघडतेस. म्हणून सांगते, दहाला दिवा बंद. तुझ्या वयाला आठ तास झोप लागतेच.

बीएस्सीला मी तीन रात्री जागून पेपरला गेले. अंतःस्रावी ग्रंथींचीच आकृती आली आणि एकही नाव आठवेना. घंटा झाली, जिना उतरताना सगळी आठवली! एवढं होऊनही मी पुढे अकरा वर्षं पहाटे साडेपाचचे जादा तास घेतले. साताऱ्याची थंडी, कानटोप्या घातलेली पोरं, मागच्या बाकावर दोघं-तिघं पेंगलेली. आणि मी त्यांच्यावरच ओरडायचे. शेवटी तास बंद केले, तर पालक म्हणाले मॅडम आळसावल्या. आळसावले नव्हते. उशिरा का होईना, कळलं होतं. असो, तो माझा हिशेब.

दुपारी चारनंतर चहा नको. पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं कॅफीन अंगात उरतं. संध्याकाळी मोबाईल घरी ठेवून टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत चढून ये. वर बसलीस की चार आकडे मोजत श्वास घे, सहा मोजत सोड. सोडणं लांबलं की छातीतली धडधड उतरते. तिथे फॉर्म्युले घोकलेस तर गेलीच नाहीस असं धरीन. आणि हे सगळं करून रात्री जागणार असशील, तर चढ चढायचे कष्टही घेऊ नकोस. आधी झोप.

पुढच्या महिन्यातही पाळी आली नाही तर पुन्हा डॉक्टरांकडे जायचं, माझ्या पत्रावर विसंबायचं नाही.

आज सव्वादहाला तुझ्या आईला फोन करणार आहे. तू उचलू नकोस.

तुझी,
मॅडम