पहिलं नगदी पीक निवडताना

आजचा भाव बघून पीक ठरवू नका. व्हॅनिला लावलात तर पहिल्या शेंगांना साधारण ३ वर्षं लागतात, शिवाय बहुतेक ठिकाणी प्रत्येक फुलाचं परागीकरण हातानं करावं लागतं. कॉफी, मिरी, कोकोलाही ३-४ वर्षं जातात. तोवर घर कशावर चालणार, हे आधी लिहून काढा.

मग एवढंच पाहा:
- पाणी साचतं का? साचत असेल तर मिरी नकोच, मुळं कुजतात.
- माल कोण घेणार? लावण्याआधी दोन तरी खरेदीदारांशी बोला.
- तोडणीला घरचे हात किती?

नवखे बहुधा सगळी जमीन एकाच पिकाखाली घालतात. तसं करू नका. खाण्यापुरतं राखा, कोकोच्या ओळींत केळी घ्या. वर्षभराच्या आसपास घड येतात नि कोवळ्या रोपांना सावली मिळते. खतांचं नंतर बोलू.