बाटली रिकामी का होत नाही?

पत्र: माझा मुलगा यंदा पहिलीत गेला. शाळा उघडल्यापासून रोज सकाळी ‘पोटात दुखतंय’ म्हणून रडतो. बालवाडीत हसत जायचा. सासूबाई म्हणतात, महिनाभर घरीच ठेव. मिस्टर म्हणतात, पहिलीत गेला, मोठा झाला, आता लाड पुरे. बाईंच्या मते वर्गात अगदी शांत बसतो. डबा संपवतो, पाण्याची बाटली तेवढी भरलेली परत येते. डॉक्टरांनी पोट तपासलं, काही नाही म्हणाले. मी कडक व्हावं की मायेने घ्यावं? – एक आई, नाशिक

उत्तर: सासूबाई आणि मिस्टर यांनी तुमचं अर्धं पत्र खाल्लंय, आणि त्या दोघांपैकी कुणालाच पहिलीत बसायचं नाहीये. त्यांना सोडा. तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या बाटलीकडे या.

डबा रिकामा, बाटली भरलेली. दिवसभर खेळणारं पोर पाण्याला शिवत नाही, ते तहान नसते म्हणून? प्यायलं की जावं लागतं, म्हणून पीत नसणार. आज घरी आल्यावर दप्तर टाकून आधी कुठे पळतो, बघा.

बालवाडी तीन तासांची. मावशी हात धरून न्यायच्या, चड्डी सोडून द्यायच्या. पहिलीत हे सगळं एका दिवसात बंद. भर वर्गात बाईंना विचारायचं, एकट्याने व्हरांड्याच्या टोकाला जायचं, तिथे मोठी मुलं दार ढकलणार, पावसाळ्यात फरशी निसरडी. वर तुमचा नवा गणवेश! ‘दोन वर्षं पुरेल’ म्हणून मोठ्या मापाची पँट आणि कमरेला आवळलेला पट्टा, हो ना? तो पट्टा त्याला एकट्याला सोडता येतो का, कधी पाहिलंत?

पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे जूनमध्ये वर्गात साडेपाच वर्षांचीही मुलं असतात. मोठा झाला म्हणे! आणि बाईंचं ते ‘शांत बसतो’. मांडी आवळून बसलेलं मूल शांतच दिसतं.

तेव्हा सोमवारी घंटेच्या आधी शाळेत जा आणि बाईंना सांगून त्याला तिथल्या स्वच्छतागृहात न्या. लांबून दाखवू नका, आत जा. दार त्याला लावू-उघडू द्या. पँट त्याची त्याला सोडू द्या, वर घेऊ द्या. जमत नसेल तर पट्टा घरी ठेवा, इलॅस्टिकची पँट घाला. गणवेशाचा नियम कुणी काढलाच तर भांडा. ती जागा घाण निघाली तर तशाच मुख्याध्यापकांकडे जा. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं असणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेवर बंधनकारक आहे, तिथे पाय ठेवायला संकोच वाटू नये एवढं मागायला लाजू नका. मुलाला आधी ‘तुला भीती वाटते का रे?’ असं विचारत बसू नका. ‘नाही’ म्हणेल आणि विषय संपेल.

डॉक्टरांकडेही पुन्हा जा, पण या वेळी बाटलीचं सांगा. पाणी कमी पिऊन लघवी दाबून ठेवली की संसर्ग होऊ शकतो, शौचाला खडा होतो, मग पोट खरोखरच दुखतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नसेल, तर ते काय शोधणार?

कडक की माया, ते नंतर बघू. सोमवारी कामावर उशीर झाला तर होऊ द्या.