जर्मनीत गाडी हातात घेण्याआधी

प्रिय,

म्युनिकला गेल्यावर गाडी घ्यायचा तुझा विचार कळला. उजव्या बाजूने चालवायची फार धास्ती घेऊ नकोस. रहदारीत पुढची गाडीच वाट दाखवते. घोटाळा होतो तो पहाटे रिकाम्या रस्त्यावर वळताना किंवा पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना. पुढे कोणी नसतं आणि जुनी सवय गाडी डावीकडे नेते.

जास्त जड जाईल तो अग्रहक्काचा हिशेब. पुण्यात चौकात आधी कोण जाणार हे जागेवर ठरतं. गाडीचं नाक पुढे काढायचं, समोरचा कचरला की निघायचं. तिथे ते आधीच ठरलेलं असतं आणि ज्याचा हक्क आहे तो सहसा वेग कमी करत नाही. ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असलेल्या वस्तीत बहुतेक चौकांवर ना सिग्नल ना पाटी. अशा ठिकाणी उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तुझा रस्ता रुंद असो आणि त्याची गल्ली असो. (उजवीकडच्याला वाट द्या हे आपल्या नियमांतही आहे, पण ते विचारतो कोण!) चौकाआधी वेग वीसच्या आसपास आण आणि गल्ली आतपर्यंत दिसली की मगच पुढे हो. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन टोकावर उभा दिसला तर रस्ता तुझा, उलटा त्रिकोण दिसला तर वाट तू द्यायची. हक्क तुझा असताना उगाच थांबून हाताने खुणा करू नकोस, मागचा गोंधळतो.

डिपरचा अर्थही उलटा होतो. आपल्याकडे समोरून डिपर आला की 'मी येतोय, थांब'. तिथे बहुतेक वेळा 'तू जा' असा. तरी नुसत्या डिपरवर गाडी काढू नकोस. हॉर्न वस्तीत फक्त धोका असेल तरच.

ऑटोबानवर (तिथला द्रुतगती मार्ग) उजवी लेन चालवायची, डावी ओव्हरटेकपुरती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आपण सर्रास चुकीच्या बाजूने पुढे काढतो. तिथे उजवीकडून ओव्हरटेक केलास तर दंड आणि लायसनच्या नावावर दोषाचा पॉइंटही. ट्रकांना ८० ची मर्यादा असते, म्हणून डावीकडे यावंच लागतं, आणि सगळ्यांत धोक्याचा क्षण तोच. तू १३० वर असताना मागून कोणी २०० ने आला तर दर सेकंदाला सुमारे १९ मीटर जवळ येतो. आरशात २०० मीटर मागे दिसणारा ठिपका दहा सेकंदांत तुझ्या बंपरला लागतो. आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून मागे नजर, मग लेन. पुढच्या गाडीपासून अंतर मीटरमध्ये वेगाच्या निम्मं ठेव. १३० ला ६५ मीटर.

रहदारी तुंबून पायी चालण्याच्या वेगावर आली की रुग्णवाहिकेची वाट न बघता मधली जागा मोकळी करायची. सर्वांत डाव्या लेनमधले डावीकडे सरकतात, बाकी सगळे उजवीकडे. नाही केलीस तर किमान २०० युरो, २ पॉइंट आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी.

शहरात उजवीकडे वळताना सायकलवाला तुझ्या उजव्या खांद्यामागे असतो, आरशात दिसेलच असं नाही. तो सरळ जाणार असेल तर थांबायचं तू. त्याला ओव्हरटेक करताना वस्तीत दीड मीटर, बाहेर दोन मीटर अंतर सोड.

बर्फ पडला की डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर लागतात. कायद्याला १.६ मिलिमीटर खाच पुरते, पण चारच्या खाली गेली की बदल.

लायसनचं काम मात्र पुढे ढकलू नकोस. तिथे राहायला गेल्यापासून भारतीय लायसन सहा महिनेच चालतं, तेही आरटीओच्या आंतरराष्ट्रीय परवान्यासह किंवा जर्मन भाषांतरासह. नंतर लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीत देता येते. त्याआधी डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा वर्ग करून घे. लायसन आधीच असल्याने शिकवणीचे सक्तीचे तास नाहीत, तरी चार-पाच तास घेच. खांद्यावरून मागे न बघणं आणि उजवीकडची गल्ली न बघणं, मुरलेले चालक नापास होतात ते यामुळेच.