उभ्या गाडीची बॅटरी उतरते कशी?

प्रश्न : आमची पेट्रोल गाडी सोमवार ते शनिवार दारातच उभी असते. रविवारी बेळगावला जायला काढली की सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक. बॅटरी ३५ एएचची (अँपिअर-तासांची), आठ महिन्यांपूर्वीच नवी घातली आहे. मेस्त्री म्हणतात, परत बदला. बदलू का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : इतक्यात नको. आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या, हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि तासाभराने मल्टीमीटरने व्होल्ट बघा. १२.६ च्या आसपास हवेत. १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी रिकामी. सेल्फ मारताना व्होल्ट ९.६ च्या खाली गेले तर बॅटरीच थकली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसले तर चार्जिंग ठीक. हे सगळं बरोबर निघालं, तर उभ्या गाडीत काहीतरी करंट ओढतंय असं धरा.

थोडा करंट प्रत्येक गाडी ओढतेच. घड्याळ, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेंट्रल लॉक मिळून २० ते ५० मिलिअँपिअर. त्याने तुमची बॅटरी आठवड्यात उतरणार नाही. पण ३०० मिलिअँपिअर जात असतील तर दिवसाला ७.२ एएच जातात, म्हणजे अडीच दिवसांत अर्धी बॅटरी साफ. डिकीतला ५ वॅटचा एक दिवा पेटता राहिला तरी दिवसाला १० एएच जातात.

मोजायचं असं. गाडी बंद, किल्ली बाहेर; स्मार्ट की असेल तर घरात लांब ठेवा. बॉनेट उघडा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला दरवाजा लागलाय असं वाटेल. काम संपल्यावर हँडल ओढून लॅच सोडवल्याशिवाय दरवाजा आपटू नका, लॅच मोडेल. आता १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सैल करून काढा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. तिचं टोक सुटलेल्या केबलला आणि काळीचं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला लावा. पॉझिटिव्हला हात लावू नका.

सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नका. गाडीतले कंट्रोलर झोपायला १० ते ३० मिनिटं घेतात, काही गाड्यांत त्याहून जास्त. घाईत पहिल्याच मिनिटाला आकडा बघून ‘लीकेज आहे’ म्हणणारे पुष्कळ. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही, हेडलाइट लावायचे नाहीत. नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो, मीटर शून्य दाखवतो आणि आपण समजतो सगळं आलबेल. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बऱ्याचदा फ्यूजच नसतो. तिथे मीटरच जातो.

अर्ध्या तासानंतरही आकडा ५० मिलिअँपिअरच्या (मीटरवर ०.०५ च्या) बराच वर असेल तर फ्यूजकडे वळा. एकेक फ्यूज उपटत बसलात तर झोपलेले कंट्रोलर पुन्हा जागे होतात आणि आकडे नाचतात. त्यापेक्षा टर्मिनल परत लावा, गाडी पुन्हा झोपू द्या आणि मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके असतात, त्यांवर दोन्ही पिना टेकवा. शून्य आलं तर त्या फ्यूजमधून काही जात नाही. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजवर ०.१ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १३ मिलिअँपिअर. ज्यावर आकडा मोठा, त्या लाइनवर काय काय आहे ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर बघा.

नंतर बसवलेल्या वस्तूंवर पहिला संशय घ्या. बाहेरच्या स्टिरिओला पिवळी वायर कायमच्या सप्लायची, लाल किल्लीवरची. किल्लीशिवाय गाणी लागावीत म्हणून बसवणारे दोन्ही एकत्र पिळून टाकतात, मग सेट झोपतच नाही. लाल वायर एसीसीवर (किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या सप्लायवर) घेतली की काम झालं. जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, ओबीडीत (गाडी तपासायच्या सॉकेटमध्ये) खुपसलेला डोंगल, बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक हेही बघा. दिव्यांसाठी डिकीत मोबाइल कॅमेरा चालू करून ठेवा आणि डिकी लावा; दिवा विझतो का ते रेकॉर्डिंगमध्ये कळेल.

तुमच्याकडच्या पावसात आणखी एक तपासणी करा. काळी पिन निगेटिव्हला ठेवून लाल पिन बॅटरीच्या प्लास्टिकवर फिरवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर वरच्या ओल्या मळातूनच गळती आहे. ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पुसून घ्या. झाकणांतून ते पाणी आत जाऊ देऊ नका.

प्रश्न : डिझेल गाडी आहे. सगळे फ्यूज काढून बघितले, तरी ४०० मिलिअँपिअर जातातच.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : डायनामोची, म्हणजे आल्टरनेटरची जाड वायर बहुतेक गाड्यांत या छोट्या फ्यूजमधून जात नाही. त्याचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लीक झाला की करंट उलटा वाहतो, आणि चार्जिंग वरवर ठीक दिसू शकतं. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मगच डायनामोची जाड वायर सोडवा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा पडला तर डायोड प्लेट बदलून घ्या. अख्खा डायनामो बदलायची गरज बहुधा नसते. आकडा तसाच राहिला तर ग्लो प्लगचा (थंड डिझेल इंजिन तापवणाऱ्या प्लगचा) रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, चिकटलाय का पाहा. बंद गाडीत रिले हाताला कोमट लागला तर तोच.

प्रश्न : महिनाभर मुलाकडे पुण्याला जाणार. टर्मिनल काढून ठेवलं तर चालेल?
– एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : चालेल, फक्त निगेटिव्ह काढा. आधी बॅटरी पूर्ण भरा, काचा वर घ्या आणि स्टिरिओला कोड असेल तर लिहून ठेवा. बॉनेट लावल्यावर दरवाजे किल्लीने बंद करावे लागतील, रिमोट चालणार नाही. परत जोडल्यावर घड्याळ लावावं लागेल. ऑटो खिडक्या काही गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरल्यावर पुन्हा नीट चालतात.