रँकिंग नंतर बघ, पगार कुठून येतो ते आधी बघ

पुण्यातून स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी., सध्या बँकेत रिस्क मॉडेलिंग, आता अमेरिकेत पीएच.डी. आणि पुढे प्राध्यापकी. अर्ज स्टॅटिस्टिक्सला करू की बायोस्टॅटिस्टिक्सला (म्हणजे वैद्यक आणि आरोग्यासाठीचं स्टॅटिस्टिक्स), असं तू विचारलंयस, सोबत रँकिंगची यादीही पाठवलीयस. ती यादी जरा बाजूला ठेव. विषय दोन्हीकडे जवळपास तोच आहे, फरक आहे तो पगाराच्या वाटेत, आणि तुझा दिवस कसा जाणार हे त्यावरच ठरतं.

पीएच.डी.ची पाच-एक वर्षं दोन्हीकडे सारखीच. फी माफ, वर स्टायपेंड, बदल्यात आठवड्याला साधारण वीस तास काम. पहिल्या वर्षाची थिअरी तुला जड जाऊ नये. मेझर थिअरी (संभाव्यतेचा गणिती पाया), इन्फरन्स (नमुन्यावरून निष्कर्ष काढणं) पुण्यात नीट घासून घेतात. हुजूरबाजार सरांनी १९५३ साली उभा केलेला पुणे विद्यापीठाचा विभाग आहे तो. कमी पडतं ते दुसऱ्याच्या शास्त्रात शिरणं. एखादा मृदाशास्त्रज्ञ अर्धवट डेटा घेऊन येतो आणि त्याला नेमकं काय विचारायचंय हे त्याचं त्यालाच माहीत नसतं. अशा लोकांना सल्ला द्यायला शिकवणारा कन्सल्टिंगचा कोर्स असेल तर तो चुकवू नकोस. बँकेतला अनुभव तिथे कामी येईल, फक्त अर्जात तो स्पष्ट मांड.

आता नोकरी. स्टॅटिस्टिक्स विभागात पगार बहुधा नऊ महिन्यांचा असतो आणि तो विद्यापीठ देतं. उन्हाळ्याचे पैसे हवे असतील तर एनएसएफसारख्या (विज्ञान संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) संस्थेचं अनुदान स्वतः मिळवायचं. संशोधनावर भर असलेल्या विद्यापीठात वर्षाला तीन-चार कोर्स, उरलेला वेळ पेपर, आणि साधारण सहाव्या वर्षी टेन्युअरचा, म्हणजे नोकरी कायम होण्याचा, निकाल. वैद्यकीय किंवा सार्वजनिक आरोग्याच्या संस्थेतल्या बायोस्टॅटिस्टिक्समध्ये शिकवणं कमी, पण पगाराचा मोठा हिस्सा अनुदानांतून यावा लागतो. त्याला 'सॉफ्ट मनी' म्हणतात. तुझा वेळ टक्क्यांनी वाटला जातो: वीस टक्के कॅन्सरच्या चाचणीला, दहा टक्के मधुमेहाच्या अभ्यासाला. डॉक्टरांसोबत काम करायला मजा येते, तुझं विश्लेषण खरोखर वापरलं जातं. पण अनुदान संपलं की ते टक्के भरून काढायची धावपळ तुझी. २०२५ मध्ये एनआयएच (वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) आणि एनएसएफची कित्येक अनुदानं मध्येच रद्द झाली, तेव्हा आमच्याकडे कॉफीच्या रांगेतही दुसरा विषय नव्हता. म्हणून मुलाखतीला जाशील तेव्हा विभागप्रमुखांना सरळ विचार: पगारातला किती भाग पक्का? यात अपमान वाटण्यासारखं काही नाही, इथे सगळेच विचारतात.

माझं मत विचारशील तर तुझ्यासाठी स्टॅटिस्टिक्स. शिकवण्याबद्दल तू ज्या ओढीने लिहिलंयस, त्यावरून सांगतेय.

नवऱ्याचं मात्र आधी बसून बोला. तू एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) आलीस आणि तो एफ-२ वर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आला, तर त्याला इथे नोकरी करता येत नाही. पुढे तुला एच-१बी (नोकरीचा व्हिसा) मिळाला तरी एच-४ वर (त्याच्या जोडीदाराचा व्हिसा) त्याला कामाची परवानगी सहसा तुझ्या ग्रीन कार्डाची (कायमच्या वास्तव्याच्या परवान्याची) प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोचल्यावरच मिळते. विद्यापीठातल्या नोकरीसाठी एच-१बीच्या लॉटरीतून जावं लागत नाही, ही आपली मोठी सोय. ग्रीन कार्डाची रांग मात्र भारतात जन्मलेल्यांसाठी ईबी-२ या (उच्चशिक्षितांच्या) गटात दशकापेक्षा लांब आहे. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी सरकारी संकेतस्थळ स्वतः वाच, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

अर्जांच्या मुदती बहुतेक ठिकाणी डिसेंबरात. शिफारसपत्रं देणाऱ्या सरांना गणपतीच्या सुमारासच गाठ, दिवाळीनंतर त्यांच्याकडे रांग लागते. जीआरई ही प्रवेशपरीक्षा सगळीकडे लागतेच असं नाही, प्रत्येक विभागाचं पान बघ. आणि स्टायपेंडसह प्रवेश आला की लगेच 'हो' म्हणायची घाई नको: बहुतेक विद्यापीठांनी १५ एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ देण्याचं मान्य केलेलं आहे. त्या मुदतीत तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोल, गाईड न मिळाल्याने कोण कोण सोडून गेलं ते विचार.