पट्टा पँटीत डावीकडून ओवायचा की उजवीकडून?

डावीकडून. चेनशेजारी तुमच्या स्वतःच्या डाव्या हाताला जी पहिली लुप्पी (पट्टा ओवायची कापडी पट्टी) असते, तिच्यात पट्ट्याचं टोक घालायचं आणि पाठीमागून फिरवून उजवीकडनं पुढं आणायचं. बक्कल डाव्या हातात राहतं, उजवा हात टोक ओढून काट्यात अडकवतो आणि उरलेलं शेपूट डावीकडं जातं. तुम्ही लिहिलंय की ऑफिसातला मित्र ‘पट्टा उलटा घातलायस’ म्हणून हसला. तो बरोबर आहे. खरं तर उत्तर इथं संपलं, पण मी कोल्हापुरात राजारामपुरीत पँटी शिवतो आणि आमच्या घरात हा विषय इतका पेटलेला आहे की एवढ्यावर सोडवत नाही.

आधी एक थाप मोडून काढतो. ‘चेनची पट्टी ज्या बाजूला, त्या बाजूनं पट्टा’ असं बरेच जण छातीठोक सांगतात. काही संबंध नाही. पुरुषांच्या पँटीत डावी बाजू उजवीवर येते. पट्ट्याचं शेपूट मात्र उजवीकडून येऊन डावीवर चढतं. म्हणजे दोघांची तोंडं उलटच. उजव्या हाताला ओढायला सोपं जातं, म्हणून ही रीत. कारण एवढंच.

आता आमचे मामा, म्हणजे माझे सासरे. शिरोलीच्या फौंड्रीत आयुष्य गेलेला माणूस, हाताला घट्ट आणि बोलायला त्याहून घट्ट. मेहुण्याच्या लग्नाला मी त्यांना राखाडी पँट शिवून दिली होती. दिवाळीच्या तोंडावर दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना त्यांनी ती काउंटरवर टाकली. ‘पाव्हणं, ही काय शिलाई म्हणायची?’ उजवी लुप्पी तुटून लोंबत होती. मी हातात घेऊन बघितली. शिलाई सुटलीच नव्हती. लुप्पीचं लॉक, म्हणजे टोकाची पक्की शिलाई, जसंच्या तसं होतं, खालचं कापड फाटून लुप्पीबरोबर वर आलं होतं.

‘मामा, पट्टा कुठल्या बाजूनं घालता?’

‘उजव्या. दुसरीकडनं कोण घालतंय?’

तो पट्टा मी ओळखून होतो. चप्पल लाईनीतल्या चामड्याच्या दुकानातून ऑर्डर देऊन करून घेतलेला, चांगला चार मिलिमीटर जाड. शेपूट काट्यातून पुढं गेलं की ते ज्या लुप्पीत खोचता तिथं पट्टा दुहेरी होतो, म्हणजे आठ मिलिमीटर चामडं झालं. वर जेवण झालं की पोटाचा ताण. मामांचं शेपूट उजवीकडं जातं, म्हणून उजवी लुप्पी गेली. हे मी समजावून सांगितलं. (डावीकडून घातला असता तर डावी तुटली असती, हे काही मी बोललो नाही. दुकान भरलेलं होतं.)

मामा म्हणाले, ‘अंबाबाईला प्रदक्षिणा कशी घालतोस? उजवा हात देवीकडं ठिवून. मग पट्ट्यानं का उलटं फिरायचं? उलटं मसणात फिरत्यात.’ उजवीकडून घातलेला पट्टा वरून बघितला तर घड्याळाच्या काट्यासारखाच फिरतो, हे खरंच आहे. मी म्हटलं, ‘प्रदक्षिणेला मधी देव लागतो.’ मामांनी पोटावरनं हात फिरवला. ‘हाय की.’ गिऱ्हाईक हसलं, तेही माझ्याकडं बघून.

पण माझ्याकडं हुकमी पान होतं. त्या पट्ट्याच्या पितळी बकलावर वाघाचं तोंड आहे. चामड्याची चांगली बाजू बाहेर ठेवून दिशा बदलली की पट्टा वरचा खाली होतो, दुसरा मार्गच नाही. म्हणजे मामांचा वाघ कायम डोक्यावर उभा. कंपनीचं नाव असलेली बकलंही डावीकडून घातल्यावरच समोरच्याला सरळ दिसतात. मी आरसा धरला. मामांनी आरशात बघितलंच नाही. मान खाली घालून पोटाकडं बघितलं आणि म्हणाले, ‘मला वरनं सरळ दिसतोय. पट्टा माझा, बघणार मी.’

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही, आणि मामा दर सणाला ते काढतात.

एकदा त्यांनी माझ्या समाधानासाठी तो डावीकडून घालूनही बघितला. बसेना. पाठीमागं वर उचकटायला लागला. ‘बघ, पट्ट्यालाच पटंना.’ ते मात्र शुद्ध चामड्याचं काम आहे. रोज वापरून पट्टा कमरेच्या उतारावर बसतो आणि त्याला बाक येतो. सरळ टेबलावर टाकला तर जुना पट्टा किंचित कमानीसारखा पडतो. दिशा बदलली की तो बाक उलटा होतो. तेव्हा तुमचा आत्ताचा पट्टा वर्षानुवर्षं उजवीकडून वापरलेला असेल तर मित्राच्या नादाला लागू नका, तो तसाच झिजवा. नवा घ्याल तेव्हा डावीकडून सुरू करा. घेताना पाच भोकांपैकी मधल्यात बसेल असाच घ्या, आणि माझ्यासारख्याकडं पँट शिवत असाल तर पट्टा माप देतानाच दाखवा. जाड पट्ट्याला लुप्पी रुंद ठेवून खाली अस्तराचा तुकडा देता येतो. नंतर काउंटरवर पँट आपटून उपयोग नाही.

दोन्ही बाजूंनी वापरायच्या काळ्या-तपकिरी पट्ट्याचं बक्कल फिरतं, त्यामुळं तिथंही दिशा तीच. बायकांचं वेगळं. त्यांच्या शर्टाची बटणं डावीकडं असतात, तसा पट्टाही जुन्या रीतीप्रमाणं उलट्या बाजूनं. आता जीन्सवर कोण कसाही घालतं.

आणि डावखुऱ्यांना पूर्ण सूट आहे. त्यांनी खुशाल उजवीकडून घालावा, फक्त बक्कल साधं घ्यावं. मामा डावखुरे नाहीत. जेवतात उजव्यानं, पत्ते वाटतात उजव्यानं, आणि माझ्या काउंटरवर पँट आपटली तीही उजव्याच हातानं. त्यांना ही सूट लागू नाही.